मैदान नकाशावर, टॉवर जमिनीवर

पुन्हा तेच! विकास आराखड्यात मैदान दाखवलेल्या भूखंडाला पत्रे लागले, आता तिथे टॉवर उठणार. विचारलं की ठरलेलं उत्तर: मैदानासाठीचं आरक्षण रद्द झालं. झालं कसं? १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही की आरक्षण संपलं. मालकावर माझा राग नाही. त्याची जमीन किती वर्षं अडकवायची? राग आहे तो दहा-दहा वर्षं ढिम्म बसणाऱ्यांवर. म्हणे पैसे नाहीत. अहो, मग टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी मिळणारा बांधकामाचा हक्क, कशासाठी आहे?

गिरणगावाचंही तेच झालं. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना आणि मोठा वाटा म्हाडाच्या घरांना मिळायचा होता. २००१मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या, म्हणजे गिरणीचं बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. लालबाग-परळच्या पोरांनी खेळायचं कुठे? पार्किंगमध्ये?