कोश आहे का हो घरात?

गिरगावच्या चाळीत ज्याच्या घरी शब्दकोश असेल, त्याने दुपारच्या झोपेची आशा सोडावी. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे (1932 ते 1938) सातही खंड वडिलांनी हौसेने घेतले. खोल्या मात्र दोनच. त्यामुळे कोश पोटमाळ्यावर आणि चाळीतली भांडणं माझ्या दारात.

परवा शेवटच्या खोलीतले गुरुजी आले, लालबुंद. मंडळाच्या गणपतीत त्यांनी लोकमान्यांवर भाषण केलं होतं. खाली उतरताच एक पोरगा म्हणाला, "काका, खतरनाक बोललात! भयंकर आवडलं!"

"भयंकर म्हणजे काय ते काढा," गुरुजी म्हणाले.

शिडी लावली, धूळ खाल्ली, काढलं. भीतिदायक.

"झालं तर! त्याने माफी मागावी. मला अतिशय राग आलाय."

"गुरुजी, संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती. 'अनुराग' त्यातलाच. त्या हिशेबाने तुमचा त्या पोरावर जीव जडलाय."

"माझी चेष्टा करता?"

"संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न. तोच चाललाय माझा, सकाळपासून."

ते ऐकेनात. तेलाचं उदाहरण दिलं. मुळात तिळाचं ते तेल. मग खोबऱ्याचंही तेल झालं, आणि शेवटी रेशनच्या रांगेत रॉकेललाही लोक मातीचं तेल म्हणू लागले. कुणी तिळाला विचारलं?

"मोल्सवर्थ काय म्हणतो?" गुरुजींचं पुढचं अपील.

आता मोल्सवर्थसाहेबाने शास्त्रीमंडळी हाताशी धरून कोश केला 1831 साली, सुधारून काढला 1857 ला. मधे, 1853 मध्ये, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. त्याला चौथ्या सीटचा अर्थ कुठून ठाऊक असणार? तिघांनी उदार होऊन सोडलेली ती वीतभर जागा. त्यावर अर्धं बूड, उरलेलं अधांतरी. आपण तिलाही सीटच म्हणतो ना, आणि वर "बसायला मिळालं" असं घरी सांगतो.

माझं मत विचाराल तर कोश न्यायाधीश नव्हेच. तो पंचनाम्याला येणारा हवालदार. शब्दांचं काय व्हायचं ते भर रस्त्यात होऊन जातं, मग हा वही काढतो आणि कोण कुठे सापडलं ते लिहून घेतो. गुरुजींना हे पटलं नाही. त्यांना फाशी हवी होती.

तेवढ्यात तो पोरगाच दारात. "काका, सॉरी हां. मनात काय ठेवू नका. विसर्जन झालं की एकदा बसू या आपण."

गुरुजी विरघळले. "अवश्य! बसू या की! टिळकांचं मंडालेपर्व राहिलंच आहे सांगायचं. सतरंजी मी आणतो, चहाचं तुम्ही बघा."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

"आता अर्थावरून पुन्हा घोळ नको," गुरुजी मला म्हणाले. "जाता जाता 'बसणे' काढून ठेवा बरं."

"शिडी शेजारी दिलीय," मी म्हटलं.