थेंब, डोळ्यातील दाब आणि रक्तप्रवाह

डोळ्यातील दाब उतरवणाऱ्या डोर्झोलामाइड या औषधाच्या थेंबांमुळे डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाह सुधारतो, म्हणून काचबिंदूत ते अधिक गुणकारी, असा काचबिंदूवरील एका लेखाचा रोख आहे. पहिल्या विधानाला काही अभ्यासांचा आधार आहे. दुसरे मात्र त्यातून आपोआप निघत नाही, कारण अशा अभ्यासांत वापरलेली कलर डॉप्लर ही ध्वनिलहरींची तपासणी रक्ताचा वेग दाखवते, त्या बारीक वाहिन्यांचा व्यास नव्हे, आणि व्यास ठाऊक नसताना नुसत्या वेगावरून दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) किती रक्त मिळाले हे ठरवता येत नाही.

त्या लेखात रात्रीचा मुद्दा सुटला आहे. डोळ्याला होणारा रक्तपुरवठा शरीराचा रक्तदाब आणि डोळ्यातील दाब यांच्या फरकावर अवलंबून असतो. टिमोलोल हे काचबिंदूवरील दुसरे थेंबाचे औषध डोळ्यातील दाब उतरवते खरे, पण अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जाऊन ते नाडी मंदावू शकते, काहींचा रक्तदाबही उतरवते. शिवाय झोपेत त्याचा डोळ्यावरील परिणाम फारसा उरत नाही, म्हणून रात्री हा फरक घटू शकतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटे बोटाने दाबून धरला, तर औषधाचे रक्तातील शोषण बरेच घटते. (दवाखान्यात हे कोणी करून दाखवले, तर नशीबच म्हणायचे.)

कमी दाबाच्या (म्हणजे डोळ्यातील दाब वाढलेला नसतानाही होणाऱ्या) काचबिंदूवरील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ब्रिमोनिडीन (हेही थेंबाचेच औषध) व टिमोलोल यांनी दाब जवळपास सारखाच उतरवला, तरी दृष्टिक्षेत्राची झीज ब्रिमोनिडीनच्या गटात बरीच कमी आढळली. ॲलर्जीमुळे त्या गटातील पुष्कळ रुग्ण मध्येच गळाले, त्यामुळे हा निष्कर्षही जपूनच वाचावा लागतो.