एत सेतेरा म्हणजे ‘फ्रेंच जेंटल जायंट’ नव्हे

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, ऐकणाऱ्यांमध्ये कॅनडातल्या फ्रेंचभाषिक क्विबेक प्रांताच्या ‘एत सेतेरा’ या बँडबद्दल आणि त्यांच्या १९७६च्या त्याच नावाच्या अल्बमबद्दल एक ठराविक मत फिरतं. ही जेंटल जायंट या इंग्लिश बँडची फ्रेंच नक्कल आहे, त्यातलं ओंद मार्तनो हे विजेवर चालणारं वाद्य म्हणजे थेरमिन या तशाच जुन्या वाद्याचा प्रकार, नवलाईपुरता घेतलेला, आणि इंग्रजीत गायले असते तर त्यांचं नाव झालं असतं. तिन्ही विधानं मला खटकतात, वाद्याबद्दलचं तर फारच.

थेरमिनशी नातं आहे, हे खरं. उच्च वारंवारतेच्या दोन लहरींमधल्या फरकातून ऐकू येणारा स्वर काढायचा, हे तत्त्व मुळात दोन्हींकडे तेच. पण वादकाचे हात काय करतात ते पाहा. थेरमिनला स्पर्श करायचा नसतो. हवेत हात हलवून स्वर शोधायचा. ओंद मार्तनो घडवणारे मोरिस मार्तनो मात्र स्वतः चेलो वाजवायचे, पहिल्या महायुद्धात त्यांनी रेडिओचं काम केलं होतं, आणि १९२८ साली पॅरिसमध्ये लोकांपुढे आणलेल्या वाद्यात त्यांना तंतुवाद्याची जिवंतता हवी होती. पुढे रूढ झालेल्या रूपात उजव्या हाताच्या बोटात अंगठी असते. ती दोरीला जोडलेली. बोट पियानोसारख्या पट्ट्यांसमोरून सरकवलं की सलग मींड निघते. पट्ट्यांवरही वाजवता येतं, आणि त्या पट्ट्या आडव्या हलतात, त्यामुळे बोट हलवून स्वराला कंप देता येतो. डाव्या हाताखाली आवाज लहानमोठा करणारी कळ. ती दाबल्याशिवाय स्वर निघतच नाही. किती दाबली, किती हळू सोडली, त्यावर स्वराचा सगळा श्वास. सारंगीवाल्याचा गज जे करतो, ते इथे डाव्या हाताचं बोट करतं. एत सेतेराच्या काळातल्या मिनीमूग सिंथेसायझरच्या पट्टीला बोटाचा जोरही कळत नसे.

आपल्यासाठी एक जवळचा धागाही आहे. १९३०च्या दशकात भारतीय संगीताचे अभ्यासक अलँ दानिएलू यांच्यासाठी मार्तनोंनी आपल्याकडच्या सूक्ष्म स्वरांतरांसाठी एक वाद्य तयार केलं होतं.

आता ‘नवलाईपुरतं’ या शब्दाकडे येतो. एत सेतेरात हे वाद्य वाजवणाऱ्या मारी बेर्नार बँडच्या गायिकाही होत्या. म्हणजे ज्या गळ्यातून शब्द येतात, त्याच कलावंताच्या बोटांतून ही सुरावट येते. आणि क्विबेकमधल्या मॉन्ट्रियल शहराला हे वाद्य परकं नव्हतं. ज्याँ लोराँदो यांनी तिथल्या संगीत कॉन्झर्व्हेटरीत ते शिकवलं, पुढे मार्तनोंचं चरित्रही लिहिलं. रॉक बँडमध्ये ते येणं हा त्या परंपरेचाच विस्तार होता.

जेंटल जायंटचा प्रभाव? आहेच, आणि उघड आहे. एकमेकांत गुंतणारे आवाज, मध्येच वळणारे ठेके, मध्ययुगीन वळणाच्या सुरावटी. क्विबेकमध्ये त्या इंग्लिश बँडचे चाहते भरपूर होते. पण जेंटल जायंटची गाणी पुरुषांच्या आवाजांवर उभी आहेत. इथे बाईचा आवाज त्या विणीच्या मधोमध आहे आणि भोवती ओंदचा ओढलेला स्वर. त्यामुळे चतुराईपेक्षा मऊपणा जास्त जाणवतो. प्रभाव घेऊन माणूस आपलं काही सांगत असेल तर त्याला नक्कल म्हणणं मला मान्य नाही.

भाषेचा मुद्दा सगळ्यात कच्चा. १९७६च्या नोव्हेंबरात क्विबेकमध्ये प्रांताला वेगळा देश करू पाहणारा पार्ती केबेकवा हा पक्ष सत्तेवर आला, १९७७ साली फ्रेंचला बळ देणारा कायदा क्रमांक १०१ झाला. बो दोमाज आणि आर्मोनियम हे बँड तेव्हा फ्रेंचमध्येच गाऊन घराघरांत पोचले होते. शिवाय फ्रेंचमध्ये इंग्रजीसारखा प्रत्येक शब्दावर जोर पडत नाही, तो वाक्यांशाच्या शेवटाकडे झुकतो. म्हणून तीनचार आवाज एकावर एक चढले तरी शब्द ठेक्याला टोचत नाहीत. या गाण्यांची वीणच त्या भाषेच्या चालीवर बेतलेली आहे; इंग्रजी शब्द घातले असते तर चालीही बदलाव्या लागल्या असत्या.