राष्ट्राध्यक्षाची एक सही आणि आपली शेती

“संसद बंद करा, अमेरिकेसारखा राष्ट्राध्यक्ष आणा. पाच वर्षं कोणी पाडू शकणार नाही, खोक्यांचा बाजार संपेल, शेतकऱ्याचा निर्णय एका सहीत होईल. सगळ्या प्रगत देशांत हेच आहे आणि बाबासाहेबांनाही हेच हवं होतं.” हा मेसेज सध्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या मोठ्या बाबांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “बरोबर आहे ना?” ज्यांच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली घटनेची प्रत ठेवलेली आहे, त्यांना हे खरं वाटावं याचा मला संताप आला.

मोठे बाबा, हे बरोबर नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला आणि नेमका हाच प्रश्न हाताळला. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही, असं ते म्हणाले. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. ब्रिटिश पद्धतीत उलट. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारी निवडली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब निवडणुकीत तर होतोच, पण प्रश्न, ठराव, स्थगन प्रस्ताव, अविश्वास यांतून रोजही होतो, आणि भारतासारख्या देशाला या रोजच्या हिशेबाची जास्त गरज आहे, हे त्यांचं कारण. भाषण छापील आहे, कोणीही वाचावं.

अर्धं खरं एवढंच, की १९४७ च्या निवेदनात त्यांनी मुदतीआधी हटवता न येणारं मंत्रिमंडळ सुचवलं होतं. पण ते सभागृहाने निवडायचं होतं, आणि अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांच्या मनमानीपासून वाचवण्यासाठी होतं. एका माणसाच्या हाती देश सोपवण्यासाठी नव्हतं. राष्ट्राध्यक्षाची मागणी आपल्याकडे जुनीच आहे. वर्ध्याचे खासदार वसंत साठे ती उघडपणे, स्वतःच्या नावाने मांडत. बाबासाहेबांच्या नावाआड लपायची गरज त्यांना पडली नाही.

आता ती ‘एक सही’. मला हा मुद्दा सगळ्यात घातक वाटतो, कारण तो शेतकऱ्याचं नाव घेऊन केला आहे. श्रीलंकेत १९७८ पासून कार्यकारी राष्ट्राध्यक्ष आहे. पंतप्रधान असतो, पण खरी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे. २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे निवडून आले आणि पुढच्याच वर्षी घटनादुरुस्ती करून त्यांनी आपले अधिकार वाढवून घेतले. पंतप्रधान त्यांचा सख्खा भाऊ, महिंदा. जाहीरनाम्यात दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाऊ असं होतं. एप्रिल २०२१ मध्ये हुकूम आला: रासायनिक खतं आणि फवारणीच्या औषधांची आयात बंद, आत्ताच. शेतीतज्ज्ञ बजावत राहिले, पण त्यांचं ऐकणं कोणावर बंधनकारक नव्हतं.

आपल्याकडे लावून बघा. पेरणी साधली, पाऊस पडून वाफसा झाला, पऱ्हाटीला (कपाशीला) डवरणी दिली, आणि कृषी केंद्रात युरियाची एक बॅग नाही. लिंकिंगमध्येही (सोबत नको तो माल गळ्यात मारून) नाही, काळ्या बाजारातही नाही, कारण देशातच आलेला नाही. तिकडे भाताचं पीक कोसळलं, तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला, चहाचे मळे खालावले. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली तेव्हा व्हायचं नुकसान होऊन गेलं होतं. देशाचं दिवाळं निघायला कर्ज, करकपात, कोविडमध्ये बसलेलं पर्यटन अशी आणखीही कारणं होती. पण शेतकरी मोडला तो या हुकमाने.

मे २०२२ मध्ये पंतप्रधानांनी राजीनामा दिला, राष्ट्राध्यक्ष खुर्चीवरच. त्यांना काढायचं तर महाभियोग, दोन तृतीयांश मतं, सर्वोच्च न्यायालयाची चौकशी. शेवटी ९ जुलैला लोकच त्यांच्या निवासस्थानात घुसले. १३ ला ते लष्करी विमानाने मालदीवला पळाले आणि राजीनामा सिंगापूरहून पाठवला. कोणी पाडू शकत नाही म्हणजे काय, ते हे. नागपूरचं हिवाळी अधिवेशन लवकर गुंडाळतात म्हणून आपण चिडतो आणि ते रास्तच आहे, पण तिथे मंत्र्याला उभं राहून कापसाच्या भावावर उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत मंत्री सभागृहाचा सदस्यच नसतो.

पाच वर्षांच्या स्थैर्याचं म्हणाल, तर थेट जनतेतून निवडलेला सरपंच आठवा. आमच्या शेजारच्या गावात सरपंच एका पॅनलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं. गावाने आम्हाला निवडलं असं दोघंही म्हणतात आणि दोघंही खरं बोलतात. नळयोजनेची मोटर जळली, मासिक सभेत दुरुस्तीचा ठराव पडला, आणि बाया भर उन्हात शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत राहिल्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (तिथली संसद) असेच अडले, तेव्हा डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस अनेक सरकारी खाती बंद होती. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींनी १९९२ मध्ये हा तिढा लष्कराच्या मदतीने सोडवला, संसदच बरखास्त केली. त्याच पेरूने २०१६ ते २०२२ या काळात सहा राष्ट्राध्यक्ष पाहिले; त्यातला एक जेमतेम पाच दिवस टिकला.

‘सगळे प्रगत देश’ हे साफ खोटं. ब्रिटन, जर्मनी, जपान, कॅनडा, स्वीडन, नॉर्वे, सगळीकडे संसदीय पद्धत आहे. कोस्टा रिकात राष्ट्राध्यक्षीय लोकशाही १९४९ पासून नीट चालली, हे मान्य. आणीबाणी आपल्या संसदीय पद्धतीतच आली, हेही मान्य. पण म्हणून मेसेजमधला दावा खरा ठरत नाही.

खोक्यांचा राग मात्र खरा आहे, मलाही आहे. पण कायदा पास करायला राष्ट्राध्यक्षालाही सभागृहात मतं लागतातच. सप्टेंबर २००० मध्ये पेरूच्या टीव्हीवर एक चित्रफीत दाखवली गेली. फुजिमोरींच्या गुप्तचर खात्याचा सर्वेसर्वा माँतेसिनोस विरोधी खासदाराला पक्ष बदलण्यासाठी नोटा मोजून देत होता. आपला रोग १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात आहे. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षाने द्यायचा, पण किती दिवसांत ते कायद्यात लिहिलेलंच नाही. शिवसेना जून २०२२ मध्ये फुटली, अध्यक्षांचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये आला. मणिपूरच्या एका आमदाराच्या अपात्रतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती. ती कायद्यात घाला, दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन झालो म्हटलं की अपात्रता टळते, ती पळवाट बुजवा. ग्रुपवर दहा जणांना पाठवायचंच असेल तर ही मागणी पाठवा, आणि तुमच्या आमदार-खासदारालाही त्यात घ्या.