शेतावर डिझेल ठेवणं सरसकट गुन्हा नाहीये

एका लेखात म्हटलंय की लायसन्सशिवाय शेतावर डिझेलचा एक ड्रमही ठेवता येत नाही, पण तसं नाहीये हो. पेट्रोलियम कायदा १९३४ चं कलम ७ बघा, डिझेल क्लास बी मध्ये (पेट्रोलपेक्षा उशिरा पेट घेणाऱ्या तेलांच्या गटात) येतं आणि एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही, फक्त कुठलीही एक टाकी १००० लिटरच्या वर नको. म्हणजे आमच्या इंदूरजवळच्या सांवेरकडे सोयाबीनच्या सीझनला लोक २०० लिटरचे दोन ड्रम भरून ठेवतात त्यात बेकायदेशीर काय?

पेट्रोलचं मात्र वेगळं, विकायचं नसलं तरी ३० लिटरच, तेही घट्ट बुचाच्या डब्यात, धातूचा डबा २५ लिटरपर्यंत. आणि लोक स्प्रे पंपासाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल आणून मोटरच्या खोलीत ठेवतात, धन्य आहे भिया! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचते, स्टार्टरची एक ठिणगी पुरे. डिझेलचा ड्रमही भुशाच्या कोठीपासून लांब सावलीत ठेवा, अन् पावसाळ्यात उभ्या ड्रमच्या डोक्यावर पाणी साचू देऊ नका, रात्री ड्रम गार झाला की बुचाच्या फटीतून ते आत ओढलं जातं.