चार खिळे

आज सकाळी डबे भरत असताना घरमालकांच्या मुलाचा फोन. "ताई, अ‍ॅग्रीमेंट संपतंय ना या महिन्यात? या वेळी रजिस्ट्रेशनच्या भानगडीत नको पडायला. नोटरी करून टाकू. आपल्यात काय एवढं!"

"आपल्यात काय एवढं" मी आधीही ऐकलंय. ८ वर्षांपूर्वी, दुसऱ्या घरात. तेव्हा १०० च्या स्टँपवर नोटरी झाली, मूळ कागद मालकांकडे आणि मला झेरॉक्स. त्याच वर्षी बाबा गेले. त्यांचा फोटो लावायला मी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. घरभर मिळून खिळे चारच: घड्याळ, कॅलेंडर, आरसा आणि बाबा. घर सोडताना मालकांनी बोट ठेवून एकेक मोजला आणि ४०,००० च्या डिपॉझिटमधले १२,००० रंगाचे म्हणून कापले. मी झेरॉक्स पुढे केली. त्यात रंगाबद्दल एक ओळ नव्हती. ते म्हणाले, "हा कागद कुठे चालतो?"

मी गप्प बसले. तो राग अजून जात नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. हे मला फार नंतर कळलं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा (नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे) आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. ११ महिन्यांचा असला की रजिस्टर करावा लागत नाही असं छातीठोक सांगणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. साफ चूक! मुदत कितीही असो, नोंदणी हवीच. नाही केली तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदवलेला करारच नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे त्या चार खिळ्यांसमोर उभी असताना कायदा माझ्या बाजूने होता, आणि मी मान खाली घालून १२,००० सोडून आले.

बरं, वाचवायचं तरी किती? भाडं १८,०००, म्हणजे ११ महिन्यांचे १,९८,०००. डिपॉझिट ५०,०००, त्यावर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. या सगळ्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. पाचशेच्या जरा वर! शहरात नोंदणी फी १,०००. निम्मं निम्मं केलं तर माणशी साडेसातशे. एजंटचे वेगळे, ठीक आहे. पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० चा स्टँपही चालत नाही, ५०० चाच लागतो, वर नोटरीवाल्याचे. एवढ्यासाठी समोरच्याला कच्च्या कागदावर ठेवायचं?

भाडेकरूही भाडं थकवतात, घर अडवून बसतात, मान्य. मग पक्का कागद मालकांनाच जास्त हवा ना?

या मुलाच्या वडिलांवर, म्हणजे आताच्या घरमालक काकांवर, मात्र माझा राग नाही. गेल्या वेळी नोंदणीसाठी एजंट थंबचं मशीन घेऊन घरी आला होता. काकांचं वय ७८, उभा जन्म कारखान्यात गेलेला, बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. अंगठा चार वेळा लागला नाही. मी ओल्या फडक्याने त्यांची बोटं पुसली, एजंटने तर्जनी ठेवायला सांगितली, काका श्वास रोखून बसले. आतून काकू विचारतायत, "लागला का हो?" शेवटी लागला. त्या माणसाने एकदाही म्हटलं नाही की जाऊ दे, नोटरी करू.

मुलाला मी सांगितलं, सगळा खर्च मी करते, पण रजिस्टरच करायचं. फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली. सगळा का? निम्मा म्हणायला हवं होतं. घर हातचं जाईल या भीतीने बोलून गेले.

दुपारी एजंटने ड्राफ्ट पाठवला. अट क्रमांक १४: "भिंतींना खिळे ठोकू नयेत." गेल्या वेळीही ती होती आणि मी सही केली होती. बाबांचा फोटो तेव्हापासून कपाटावर टेकवून ठेवलाय. पंखा मोठा केला की घसरतो, म्हणून खाली शब्दकोश लावलाय.

एजंटला लिहिलंय, ही अट काढा, "घर सोडताना भोकं बुजवून देईन" असं घाला. निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही.