वर्षश्राद्धाच्या आत

गेल्या रविवारी मी सुपरमॅनला विकायला नेले आणि दोघांचीही शोभा करून घेऊन परत आलो. 'सुपरमॅन' मासिकाचा 75 वा अंक, म्हणजे ज्यात तो डूम्सडे नावाच्या राक्षसाशी झुंजता झुंजता प्राण सोडतो तो जानेवारी 1993 चा अंक, मी तीस वर्षांहून अधिक काळ काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता कपाटात जपला होता. पिशवीवर रक्ताळलेले 'एस' हे अक्षर होते. ती फोडली की किंमत संपली, असे तेव्हा जाणकार सांगत असत. त्यामुळे स्वतः विकत घेतलेला अंक मी मित्राची प्रत मागून वाचला. असाच शहाणपणा लाखो लोकांनी केल्यामुळे आज त्याला कोणी विचारत नाही, हे मला ऐकून माहीत होते. पण फुटपाथवरचा जुन्या पुस्तकांचा विक्रेता तो अंक तराजूत टाकून म्हणेल, "काका, वरची पिशवी काढा, प्लास्टिकचं वजन धरत नाही," याची माझ्या मनाने तयारी केलेली नव्हती.

शेजारी स्टुलावर एक आजोबा जुन्या दिवाळी अंकांची चळत मांडीवर घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. पिशवीवरचे रक्त पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "कोण गेलं?"

"सुपरमॅन."

"अरेरे. कधी?"

"ब्याण्णवच्या नोव्हेंबरात अंक आला. पण पुढे तो परत आला."

"किती दिवसांनी?"

"त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये."

आजोबांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत. मग दहावं-तेरावं कुणी केलं असेल, तर ते फुकटच गेलं म्हणायचं."

मला राग यायला हवा होता. पण गेली कित्येक वर्षे मी हेच तर म्हणत आलो आहे. या नायकांच्या अंगावर कथेची कवचकुंडले असतात. आपल्या कर्णाकडेही ती होती. परंतु आपल्याकडे वेळेवर ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो, ती मागून नेतो आणि मग कर्णाचा मृत्यू खरोखरचा मृत्यू होतो. अमेरिकेत तो इंद्र येत नाही, कारण ज्याचे चित्र मुलांच्या डब्यांवर आणि बनियनांवर विकले जाते, त्याची कवचकुंडले दान करण्याचा अधिकार लेखकाला नसतो. हे सारे मी आजोबांना तळमळीने सांगितले. त्यांना वेगळीच शंका होती.

"तो नव्हता तेवढे दिवस काम कोण बघत होतं?"

"चार जण उभे राहिले. त्यांतले दोघे तर मीच सुपरमॅन म्हणून सांगत होते."

"तोतये!" आजोबा स्टुलावरून अर्धे उठले. "पानिपतानंतर भाऊसाहेबांचा एक तोतया निघाला, तर पुण्याची झोप उडाली. यांचे चार?" मग थोडे थांबून ते म्हणाले, "पण भाऊसाहेब काही आले नाहीत हो." हे त्यांनी अशा आवाजात म्हटले, की मीच काही तरी गैर केले आहे असे मला वाटू लागले.

"एवढा बलवान होता, तर मेला कसा?" त्यांनी पुढे विचारले.

खरे दुखणे हेच आहे. 1938 साली सुपरमॅन अवतरला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो जेमतेम दोनशे मीटरची उडी मारत असे आणि तोफेचा फुटता गोळा त्याची कातडी भेदू शकेल असा निदान संभव तरी होता. पुढे लेखकांनी त्याला इतके वाढवले, की तो ग्रह ढकलू लागला आणि मग त्याला आवरण्यासाठी क्रिप्टोनाइटचा हिरवा खडा आणावा लागला. असा हा प्राणी 1992 मध्ये रस्त्यावर ठोसे खाऊन मेला, तोही काही आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा दिसलेल्या राक्षसाच्या हातून, ज्याला मुळात त्याच कामासाठी नेमले होते. याउलट, ज्याच्याकडे पैसा आणि चिडकेपणा यांखेरीज कोणतीही शक्ती नाही, त्या बॅटमॅनला आधी तयारीला वेळ दिला की तो सुपरमॅनलाही लोळवतो. मूळ रस्सीखेचीत दोरीच लेखकाच्या हातात असेल, तर आम्ही वाचकांनी कोणाच्या दंडाचे माप घ्यायचे?

"मग खरं कुणीच मरत नाही?"

मी त्यांना जेसन टॉडची गोष्ट सांगितली. बॅटमॅनच्या या दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे त्याच्या पोरसवदा साथीदाराने, जगावे की मरावे, हे 1988 साली वाचकांना फोन करून ठरवायला सांगितले होते. 5,343 मते मरणाच्या बाजूने पडली, 5,271 जगण्याच्या. पोरगा 72 मतांनी मेला. मला हा मृत्यू क्रूर वाटला तरी प्रामाणिक वाटत असे. पण 2005 मध्ये तोही परत आला.

"72 मतं!" आजोबा म्हणाले. "फेरमोजणी मागायला पाहिजे होती."

"स्पायडरमॅनचे बेनकाका मात्र मेलेलेच आहेत," मी आठवून सांगितले. "1962 पासून."

"म्हणजे काका तेवढे खरे मरतात," आजोबा म्हणाले, आणि नेमक्या त्याच क्षणी विक्रेता पुन्हा म्हणाला, "काका, लवकर सांगा, गिऱ्हाईकं थांबलीत." असे म्हणता म्हणता त्याने अंगठ्याच्या नखाने पिशवी टरकन फाडली.

तीस वर्षांची कोंडलेली हवा बाहेर आली. तिला शाईचा नव्हे, डांबरगोळ्यांचा वास होता. त्याने पाने झरझर उलटली. त्या अंकात प्रत्येक पानभर एकच मोठे चित्र आहे. ते पाहून आजोबांनी कागदाच्या नासाडीबद्दल चुकचुकाट केला. विक्रेत्याने काटा पाहिला, "सुटे नाहीत," म्हणाला आणि अंक माझ्या हातात परत दिला. आजोबांच्या चळतीतून त्याने तीन दिवाळी अंक ठेवून घेतले आणि बाकीचे नाकारले.

पिशवीतून शोकाची काळी फीतही खाली पडली होती, जी दंडाला बांधण्यासाठी प्रकाशकांनी अंकासोबत दिली होती. आजोबांनी ती उचलली, ताणून पाहिली आणि विचारले, "ही तुम्हाला लागणार आहे का?" मी मान हलवली. त्यांनी तिच्याने उरलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घट्ट बांधला, गाठ दोनदा ओढून तपासली आणि ते बसथांब्याकडे चालू लागले.